स्त्शेमिन्स्की: सपाट चित्रांपासून सूर्याच्या पश्चात्प्रतिमांपर्यंत – चित्रकार एकच की चार वेगवेगळे?

रेघोटी
व्वादिस्वाव स्त्शेमिन्स्की (१८९३–१९५२) या पोलिश चित्रकाराची चित्रं ओळीने लावून पाहिली तर पहिला प्रश्न हाच पडतो. १९२०च्या आसपास घनवादाच्या (क्यूबिझमच्या) वळणाची चित्रं, त्यांत पत्रा आणि बूच चिकटवलेली. १९२४ ते १९३४ 'युनिझम', म्हणजे ज्यात काही 'दिसू'च नये अशी जवळपास एकरंगी, एकसंध चित्रं. त्याच काळाच्या शेवटी समुद्राची आणि वूच शहराची निसर्गचित्रं. युद्धात पेन्सिलची एकच वळवळती रेषा. आणि १९४८-४९ मध्ये सूर्याकडे पाहून डोळे वळवल्यावर जे तरंगत राहतं (पश्चात्प्रतिमा), त्याची भडक रंगीत तैलचित्रं.

माझं मत: हा माणूस आयुष्यभर एकच गोष्ट तपासत होता, ती म्हणजे डोळा प्रत्यक्षात काय करतो. युनिझममध्ये त्याने डोळ्याची धावपळ थांबवायचा प्रयत्न केला, नंतर तीच धावपळ रंगवली. पटतं का? आणि ही चित्रं नीट पाहायची कशी, करून बघायची कशी, हेही जाणकारांनी लिहावं.

शाईचा_डाग
वाचनखूण साठवली. या चित्रकारावर मराठीत फारच कमी लिहिलं गेलंय.

गेरू
आधी आयुष्याचा आराखडा देतो, म्हणजे पुढच्या चर्चेला खुंटी मिळेल.

जन्म मिन्स्कचा, तेव्हाच्या रशियन साम्राज्यातला. शिक्षण चित्रकलेचं नव्हे, पीटर्सबर्गच्या लष्करी अभियांत्रिकी शाळेतलं. १९१६ मध्ये आघाडीवर हातबॉम्ब फुटून एक हात आणि एक पाय गेला, एका डोळ्याच्या दृष्टीवरही परिणाम झाला. मॉस्कोच्या इस्पितळात शुश्रूषा करायला आलेली कातार्झिना कोब्रो भेटली. पुढे ती शिल्पकार झाली आणि त्यांचं लग्न झालं. क्रांतीनंतर दोघं स्मोलेन्स्कला. तिथून विटेब्स्क जवळ, आणि विटेब्स्कला तेव्हा रशियन अमूर्त चित्रकार मालेविच शिकवत होता. त्याच्या 'उनोव्हिस' गटाची स्मोलेन्स्क शाखा या दोघांनी चालवली.

१९२२च्या सुमारास दोघं पोलंडमध्ये आले. १९२३ मध्ये विल्नो (आजचं विल्नियस) इथे नव्या कलेचं प्रदर्शन, १९२४ मध्ये वॉर्साचा 'ब्लोक' गट, १९२६ मध्ये 'प्रेझेन्स', आणि तिथेही न पटल्यावर १९२९ मध्ये 'आ. एर.' गट: स्त्शेमिन्स्की, कोब्रो, हेन्रिक स्ताझेव्स्की आणि दोन कवी, युलियान पशिबोश आणि यान ब्झेन्कोव्स्की. पोटापाण्यासाठी कोलुश्की या रेल्वे जंक्शनच्या गावात शाळेत शिकवणं चालू होतं. १९३१ मध्ये वूचला मुक्काम हलला आणि शेवटपर्यंत तिथेच राहिला.

अभियांत्रिकी शिक्षणाचा मुद्दा लक्षात ठेवा. या माणसाला चित्राचा हिशोब मांडता येतो आणि तो मांडतोही.

चौकट_बाहेर
@रेघोटी, मला अजिबात पटत नाही. १९२८च्या 'चित्रकलेतला युनिझम' या पुस्तिकेत तो काय म्हणतो ते पाहा. चित्र म्हणजे सपाट, मर्यादित, चौकोनी पृष्ठभाग. त्यात विरोध नको, हालचाल नको, काळ नको. एक भाग दुसऱ्यावर वरचढ व्हायला नको. हे लिहिणारा माणूस तीन वर्षांत समुद्राच्या लाटांच्या रेषा काढू लागतो. म्हणजे भिंतीवर डोकं आपटल्यावर तो मागे फिरला. १९३४च्या 'युनिस्ट रचना १४'च्या पुढे त्या वाटेवर जागाच उरली नव्हती. विचारांत सलगता शोधण्याचा मोह सगळ्याच चरित्रकारांना होतो. तुटलेलं आहे ते तुटलेलं म्हणावं.

कुंचला
तुटलं की नाही ते पुढे बोलू. आधी युनिझम म्हणजे नेमकं काय ते हाताने करून पाहिलेलं बरं, नाहीतर नुसती शब्दांची अदलाबदल होते.

मालेविचबद्दल स्त्शेमिन्स्कीची तक्रार अशी: पांढऱ्या पार्श्वभूमीवर तिरका लाल पट्टा ठेवला की दोन गोष्टी झाल्या, आकृती आणि मागची जागा. पट्टा तिरका, चौकट सरळ. म्हणजे त्यांचं भांडण. ते ताणलेपण हेच चित्राचं बळ असं मालेविच मानतो, आणि स्त्शेमिन्स्की त्याला 'द्वैत' म्हणतो. त्याच्या मते चित्रातल्या पहिल्या चार रेषा म्हणजे चौकटीच्या चार कडा. आतलं सगळं त्यांच्यातून निघायला हवं.

१९२६ ते १९२९च्या 'वास्तुरचना' या मालिकेत याचं सोपं रूप आहे. दोन किंवा तीन रंग, मोठे आकार, आणि 'आकृती कोणती, मागची जागा कोणती' हे सांगता येत नाही. करून पाहायचं असेल तर:

कागद २६ × ३९ सेंमी घ्या. ८:५ या प्रमाणात (हे त्याचं आणि कोब्रोचं आवडतं प्रमाण) दोन्ही बाजू विभागा. २६चे होतात १६ आणि १०, ३९चे होतात २४ आणि १५. एका कोपऱ्यातून १६ × २४चा आयत आखा. त्याचं क्षेत्रफळ ३८४ चौ. सेंमी, उरलेल्या 'एल' आकाराचं ६३०. भागाकार करा: १.६४. ८ भागिले ५ म्हणजे १.६. बाजूंचं प्रमाण क्षेत्रफळातही जवळपास तसंच उतरलं. आता दोन भाग दोन रंगांनी भरा, पण रंगांची गडद-फिकट पातळी सारखी ठेवा. काळा-पांढरा घेतलात तर लगेच एक पुढे येतो, एक मागे जातो, आणि सगळं बिघडतं.

बहुतेकांचं इथेच चुकतं. रंग वेगळे निवडतात पण पातळी तपासत नाहीत. मोबाइलवर फोटो काढून तो कृष्णधवल करा. दोन्ही भाग एकाच राखाडीत विरघळले तर पातळी जमली.

निळावंती
@कुंचला, करून पाहिलं, पातळी जुळवल्यावर कडेवरची रेष थरथरल्यासारखी होते. हे अपेक्षित आहे का? आणि १९३०नंतरच्या युनिस्ट रचनांमध्ये तर आकारच नाहीत. स्क्रीनवर मला फक्त भुरकट खरबरीत पाटी दिसते.

कुंचला
थरथर अपेक्षित आहे. कडा शोधताना दृष्टी मुख्यतः उजेडाच्या फरकावर अवलंबून असते. फक्त रंगाचा फरक उरला की कड पक्की पकडता येत नाही. रंग फार भडक असले तर ही थरथर वाढते आणि चित्र पुन्हा अशांत होतं. म्हणून तो मळकट, जवळजवळचे रंग घेतो.

१९३०नंतरच्या रचना स्क्रीनवर पाहूच नयेत, किंवा पाहिल्या तर भरवसा ठेवू नये. त्यांत सगळं काम रंगाच्या जाड थरात आहे: बारीक, दाट, एकसारख्या कडा आणि खाचा, चित्रभर. फोटो समोरून उजेड टाकून काढला तर खाचा नाहीशा होतात. बाजूने, पृष्ठभागाला १०–१५ अंशांवरून उजेड टाकला तर खाचा दिसतात, पण सावल्या इतक्या काळ्या होतात की मूळ चित्रात नसलेला विरोध तयार होतो. त्यात जेपेग फाइल लहान करताना बारीक पोतच आधी पुसला जातो, आणि मोबाइल आपणहून कडा धारदार करतो.

असा पोत स्वतः करायचा असेल तर ३० × ४० सेंमीचा लाकडी फलक घ्या, कॅनव्हास नको, तो लवचीक असल्याने जाड थर तडकतो. निव्वळ तैलरंगाचा ३ मिमी थर दिला तर वरची साय आधी वाळते, आत महिनोन्महिने ओलं राहतं आणि वर सुरकुत्या पडतात. त्यापेक्षा ॲक्रिलिकची मॉडेलिंग पेस्ट एका वेळी २ मिमीच्या आत लावा, ओली असतानाच दातेरी पत्र्याने ओढा, पूर्ण दिवस वाळू द्या, आणि मग वरून पातळ तैलरंग. उलट क्रम चालत नाही: तैलरंगावर ॲक्रिलिक धरत नाही.

दोन चुका हमखास होतात. रेषा कडेच्या सेंटीमीटरभर आधी थांबवल्या जातात; मग भोवती आपोआप चौकट तयार होते आणि मधला भाग आकृती बनतो. दुसरी, हात मध्यभागी जास्त दाबला जातो. मध्यभाग उठून दिसला की युनिझम संपला.

खिळेजुळारी
अवांतर, पण फार दूरचं नाही. या माणसाने १९३०च्या सुमारास एक अक्षरमालाही रचली, फक्त सरळ रेषेचे तुकडे आणि वर्तुळाचे कंस वापरून. ओळखायला आवश्यक नाही तो प्रत्येक भाग त्याने काढून टाकला. पशिबोशच्या १९३०च्या 'ज पोनाद' या कवितासंग्रहाची मांडणीही त्याचीच. वूचमधल्या व्यवसायशाळेत तो मुद्रणाची मांडणी शिकवायचा आणि विद्यार्थ्यांसोबत छापलेल्या पुस्तिकेत 'कार्यानुसारी छपाई' ही त्याची भूमिका आहे.

देवनागरीत हे कुणी करून पाहणार असाल तर आधीच सांगतो: 'व' आणि 'ब' यांच्यातला फरक एका तिरक्या रेघेचा आहे, ती 'अनावश्यक' म्हणून गेली की दोन्ही एक होतात. 'ख' आणि 'रव' यांचा घोटाळा तर साध्या छपाईतही होतो. शिरोरेघ काढली तर 'भ' आणि 'म', 'ध' आणि 'घ' अडकतात. त्याला रोमन अक्षरं मुळातच सुटी मिळाली होती.

शाईचा_डाग
'भ'चा 'म' झाला तर भात खायला बसलेला माणूस मात खाऊन उठेल! :)

पोलादी_पत्रा
चर्चेत कोब्रो फक्त 'बायको' म्हणून आली, म्हणून लिहिते आहे. १९३१चं 'अवकाशाची रचना: स्थलकाल-लयीचे हिशोब' हे पुस्तक दोघांच्या नावावर आहे. ८:५चा हिशोब तिच्या शिल्पांत उभा राहतो. रंगवलेल्या पोलादी पत्र्यांची शिल्पं, ज्यांत आत-बाहेर असा भेदच नाही. एका बाजूने पाहिलेलं रूप दुसऱ्या बाजूचा अंदाज देत नाही, त्यामुळे पाहणाऱ्याला भोवती फिरावंच लागतं. चित्रातून काळ हद्दपार करणारा सिद्धांत तिच्या हातात आला आणि शिल्पात काळ परत आला, कारण फिरायला वेळ लागतो. @रेघोटी, सलगता शोधत असाल तर त्याच्या एकट्याच्या चित्रांत ती सापडायची नाही, ती या दोघांच्या मध्ये आहे.

आणि आयुष्याचं म्हणाल, तर तेही लिहायला हवं. १९३६ मध्ये मुलगी झाली, नीका. युद्धात कमालीचे हाल झाले. १९४५च्या सुमारास कोब्रोने स्वतःची लाकडी शिल्पं फोडून चुलीत घातली, मुलीला खायला शिजवण्यासाठी. लग्न मोडलं. तो तिला मारायचा, हे मुलीने पुढे पुस्तकात लिहिलं आहे. १९५१ मध्ये कोब्रो गेली, तो १९५२च्या डिसेंबरात क्षयाने. आंद्रे वायदाने आपल्या शेवटच्या चित्रपटात त्याची अखेरची वर्षं दाखवली, पण त्यात कोब्रो पडद्यावर येतच नाही. राजवटीने छळलेला कलावंत दाखवताना घरातली ही बाजू गाळणं मला अन्यायाचं वाटतं.

गेरू
@पोलादी_पत्रा, पूर्ण सहमत. आराखड्यात मी हे द्यायला हवं होतं. एक भर: 'आ. एर.' गटाने देशोदेशीच्या कलावंतांकडून भेट म्हणून चित्रं मागवली. पॅरिसमध्ये राहणाऱ्या ब्झेन्कोव्स्कीने त्यासाठी खूप खटपट केली. लेजे, आर्प, सोफी टॉयबर-आर्प, श्विटर्स, फान डूसबुर्ख अशांच्या कलाकृती जमल्या आणि फेब्रुवारी १९३१ मध्ये त्या वूचच्या नगर-संग्रहालयात लोकांसाठी खुल्या झाल्या. कापडगिरण्यांच्या शहरात, कलावंतांनी स्वतः जमवलेला आधुनिक कलेचा संग्रह. माझ्या मते त्याच्या कोणत्याही एका चित्राहून हे काम मोठं आहे.

डोळस
आता पश्चात्प्रतिमांकडे. आधी ताकीद: सूर्याकडे पाहू नका, मावळतीच्याही नाही. दृष्टिपटलाला वेदना कळत नाही, त्यामुळे भाजतंय हे त्या क्षणी समजत नाही आणि इजा कायमची राहू शकते. प्रयोग कागदावर उत्तम होतो.

८ सेंमी चौरस लाल, बिनचकाकीचा कागद. ४० सेंमी अंतर. मधोमध पेनाने टिंब. खिडकीच्या उजेडात ३० सेकंद टिंबावरून नजर न हलवता पाहा, मग पांढऱ्या भिंतीकडे. निळसर हिरवा चौकोन दिसेल. लाल प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या पेशी तेवढ्या जागी थकलेल्या असतात, म्हणून पांढऱ्यातला लाल वाटा कमी पडतो. भिंत ८० सेंमीवर असेल तर चौकोन १६ सेंमीचा दिसेल, १६० वर असेल तर ३२चा: अंतर दुप्पट, आकार दुप्पट. आणि नजर हलवाल तिथे चौकोन सोबत येईल.

प्रयोग फसतो तो नजर हलल्याने. तेव्हा एकाऐवजी एकावर एक सरकलेल्या पाच-सहा कडा दिसतात. स्त्शेमिन्स्कीला नेमक्या याच हव्या होत्या. 'सूर्याची पश्चात्प्रतिमा' मालिकेत मधोमध तापलेला डाग आणि भोवती एकमेकींना ओलांडणाऱ्या रंगीत कडा दिसतात, त्या म्हणजे एकामागून एक टाकलेल्या नजरांचा साठा. त्याच्या 'पाहण्याचा सिद्धांत' या पुस्तकाचं (मृत्यूनंतर १९५८ मध्ये आलं) सूत्रही हेच: डोळा सगळ्यांचा सारखा असला तरी त्याने पाहिलेल्यातलं किती आपल्या जाणिवेत येतं हे काळागणिक बदलत गेलं. आधी नुसती बाह्यरेषा, मग आकारमान, मग छायाप्रकाश, आणि शेवटी नजरेची स्वतःची हालचाल.

निळावंती
एका डोळ्याला इजा झाल्यामुळे त्याला सपाट दिसत असेल आणि म्हणून सपाट चित्रं, असं एका ठिकाणी वाचलं.

डोळस
हे स्पष्टीकरण सोपं आहे, म्हणून सगळीकडे फिरतं. एका डोळ्याने पाहणाऱ्यालाही खोली कळते: झाकली जाणारी वस्तू मागची, दूरची लहान, डोकं हलवलं की जवळचं जास्त सरकतं. आणि सपाटपणाचा आग्रह त्या काळी घनवादापासून मालेविचपर्यंत सगळीकडे होता. स्ताझेव्स्कीचे दोन्ही डोळे ठीक होते, तरी त्याची चित्रं सपाटच आहेत.

शाईचा_डाग
भारतात भित्तिचित्रं काढणारा एक पोलिश चित्रकारही होता ना? आणि वळिवड्याच्या छावणीतल्या पोलिश लोकांशी याचा काही संबंध?

गेरू
भित्तिचित्रांचा तो स्तेफान नोर्ब्लिन. १९४१ ते १९४६ भारतात होता, जोधपूरचा उमेदभवन आणि मोरवीचा राजवाडा ही त्याची कामं. पण तो आर्ट डेको वळणाचा सजावटकार, युनिझमशी काही नातं नाही. योगायोगाने त्याचाही मृत्यू १९५२चाच, सॅन फ्रान्सिस्कोत.

कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला १९४३ ते १९४८ राहिलेले लोक पूर्व पोलंडमधून सोव्हिएत राजवटीने हद्दपार केलेले. स्त्शेमिन्स्कीचं कुटुंबही १९३९ मध्ये पूर्वेला पळालं होतं, पण १९४०च्या वसंतात जर्मनव्याप्त वूचला परतलं. त्याची 'हद्दपारी' ही रेखाचित्रमालिका १९४०ची. वाटा वेगळ्या झाल्या.

चौकट_बाहेर
या रेखाचित्रांबद्दल बोलायलाच हवं, कारण माझा आक्षेप तिथे जास्त टोकदार होतो. 'पश्चिम बेलारूस', 'हद्दपारी', 'घरांविरुद्ध युद्ध', 'चेहरे', 'चिखलाइतकं स्वस्त'. पेन्सिलची एकच रेषा, न उचललेली, माणसाची कड धरून जाणारी. आत काही भरलेलं नाही. हात, डोकं, कुंपण एकमेकांत विरघळतात आणि शरीर पोकळ राहतं. १९४५नंतर 'माझ्या ज्यू मित्रांना' या मालिकेत त्याच जुन्या रेषा त्याने पुन्हा उतरवल्या आणि शेजारी वूचच्या गेटोतली (ज्यूंना कोंडलेल्या वस्तीतली), छळाची छायाचित्रं चिकटवली. रेषा तीच, पण आता ती कोणाच्या नाहीसं होण्याची कड आहे ते कळतं. हे 'डोळा काय करतो' याचं संशोधन नव्हे, ही साक्ष आहे. ती संशोधनाच्या साखळीतली कडी म्हणून मोजणं मला खटकतं.

डोळस
साक्ष आहेच. पण रेषा आली कुठून ते पाहा. १९३१–३४च्या निसर्गचित्रांत, विशेषतः हेल द्वीपकल्पावरच्या समुद्रचित्रांत, रेषा रंगाच्या डागाला चिकटत नाही. डाग एकीकडे, रेषा दुसरीकडे, कारण नजर कडेवरून सरकते आणि रंग मागे रेंगाळतो. युद्धात त्याने डाग काढून टाकला. सरकणारी रेषा उरली. १९४८ मध्ये डाग परत आला, सूर्य होऊन. साधन एकच असलं म्हणजे आशय एकच ठरतो असं मी म्हणत नाही.

रेघोटी
हे मला हवं होतं त्याहून जास्त मिळालं. @चौकट_बाहेर, तुमचा आक्षेप मान्य न करताही त्यातलं एक घेते: युद्धाची चित्रं इतरांबरोबर एका रांगेत लावू नयेत. पण बाकीच्यांबाबत माझं मत कायम आहे. 'हालचाल नको' म्हणणाऱ्यालाच ती कुठून शिरते हे सगळ्यांत बारकाईने कळतं. कुंचला यांनी सांगितलेल्या चुका (मध्यभागी दाब, कडेआधी थांबलेली रेष) या नजरेला पळायला वाट देणाऱ्या जागाच आहेत. त्या दहा वर्षं बुजवत बसलेला माणूस पुढे त्याच वाटा रंगवू शकतो, ते मागे फिरणं नव्हे.

चौकट_बाहेर
'दहा वर्षं बुजवत बसला' हे पटलं, 'म्हणून सलग' हे नाही. असो, मतभेद राहू देत. संगीतात मात्र तुमच्या बाजूचा पुरावा आहे: झिग्मुंट क्राउझे या पोलिश संगीतकाराने १९६३ मध्ये पियानोसाठी 'पाच युनिस्ट रचना' लिहिल्या. प्रत्येक तुकड्यात सुरुवातीला जे स्वर कळतात तेच शेवटपर्यंत, ना चढ ना कळस. ऐकताना लक्ष आपोआप स्वरांच्या बारीक फरकांकडे वळतं.

पोलादी_पत्रा
जाता जाता वूचला जाणाऱ्यांसाठी. १९४८ मध्ये स्त्शेमिन्स्कीने तिथल्या कला संग्रहालयासाठी 'निओप्लास्टिक दालन' रचलं, कोब्रोची शिल्पं आणि स्ताझेव्स्की, फान डूसबुर्ख यांची चित्रं मांडण्यासाठी. भिंतींवर लाल, निळ्या, पिवळ्या, पांढऱ्या, करड्या, काळ्या रंगाचे आयत. १९४९ मध्ये समाजवादी वास्तववादाची सक्ती आली, १९५० मध्ये त्याला कलाशाळेतून काढलं आणि दालनावर रंग फासला. १९६०चं दालन म्हणजे त्याचा विद्यार्थी बोलेस्वाव उत्किन याने पुन्हा उभारलेलं, आणि आज दिसतं ते हेच. पत्ता व्येन्त्स्कोव्स्कीएगो रस्ता, ३६ क्रमांक, जुना पोझनान्स्की वाडा. शहरात संग्रहालयाची दुसरी इमारतही आहे, रिक्षावाल्यासारखं टॅक्सीवाल्याला नुसतं 'म्युझियम' सांगू नका, पत्ता दाखवा. दालनात शिरल्यावर आधी शिल्पांभोवती फिरा, भिंतींचे रंग त्यांच्या पत्र्यांमागून सरकताना पाहा, आणि चित्रं त्यानंतर.